उसने चेहरे

मनुष्य बोलतो तो केवळ जिभेनें बोलत नाहीं. भुवया, डोळे, ओंठांची मुरड, मानेचा झोंक, हाताची फेक हीं सारीं त्याच्या शब्दांबरोबर बोलत असतात. "मोठा शहाणाच आहेस!" हें वाक्य आई कौतुकानें म्हणते आणि तेंच शिक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणतात. अक्षरें तींच, परंतु अर्थ अगदीं उलट. आणि तो अर्थ ठरवितो चेहरा. पत्रलेखनांत हा चेहरा हरपतो, ही अडचण जुनीच आहे. तथापि पत्र लिहिणारास सवड असे; तो चार ओळी अधिक लिहून आपल्या मनांतील भाव उलगडून सांगे. हल्लीं मोबाईलवर जें संभाषण चालतें, त्यांत पत्राप्रमाणें चेहराही दिसत नाहीं आणि पत्राइतकी सवडही मिळत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं लोकांनीं जे नाना उपाय योजिले, त्यांपैकीं एका उपायाविषयीं, म्हणजे चिनी लोकांच्या भावचित्रांविषयीं, आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय वरवर पाहतां पोरकट दिसेल. पण तो आपल्या घरांतील व वर्गांतील एका नाजुक गोष्टीशीं कसा येऊन भिडतो, हें शेवटीं वाचकांच्या ध्यानांत येईल.

ह्या उपायाचा आरंभ चीनमध्यें झाला नाहीं. १९८२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनीं दोन टिंबें, एक आडवी रेघ व एक कंस जोडून आडवा पडलेला हंसरा चेहरा तयार केला. थट्टेचें वाक्य कोणतें व गंभीर कोणतें, हें वाचणारास कळावें एवढाच त्यांचा हेतु होता. पुढें १९९९ सालीं जपानांत शिगेताका कुरिता यांनीं एका दूरध्वनि कंपनीसाठीं १७६ चिमुकलीं चित्रें आंखलीं. इमोजी म्हणून आज आपण जीं वापरतों त्यांचे तें एक पूर्वज होत. परंतु इमोजीची संख्या ठराविक असते व कोणतें चित्र घ्यावें हें दूर कोठें तरी बसलेलें एक मंडळ ठरवितें. चिनी लोकांस हें कुंपण अपुरें वाटलें. १९९९ मध्येंच तेथें टेन्सेंट कंपनीची क्यूक्यू नांवाची संदेशसेवा सुरू झाली होती व तिच्यांत पुढें प्रत्येकास पदरचीं चित्रें घालण्याची सोय मिळाली. २०११ सालीं त्याच कंपनीनें वीचॅट काढलें. आज एक अब्जाहून अधिक माणसें तें वापरतात. आपल्या सरकारनें जून २०२० मध्यें ज्या ५९ चिनी अॅपांवर बंदी घातली त्यांत वीचॅट होतें, म्हणून आपल्या मुलांस त्याची ओळख नसेल. पण तेथें रुजलेली संवय आपल्याकडे दुसऱ्या वाटांनीं येऊन पोंचली आहे.

ह्या चित्रांस चिनी भाषेंत 'ब्याओछिंग बाओ' म्हणतात. 'ब्याओछिंग' म्हणजे तोंडावरील भाव आणि 'बाओ' म्हणजे पुडकें. भावांचें पुडकें! किराणा दुकानांत जशीं जिऱ्यामोहरीचीं पुडकीं मांडलेलीं असतात, तशीं राग, लाज, आश्चर्य, कंटाळा, खुशामत यांचीं पुडकीं तेथें इंटरनेटवर वर्गवारीनें रचून ठेविलेलीं आढळतात. ज्यास जें हवें तें त्यानें उचलावें. कांहीं चित्रें रेखाटलेलीं असतात. त्यांत तुस्की नांवाचा ससा प्रसिद्ध आहे. दोन रेघांचे डोळे व शेवयांसारखे हातपाय असलेला हा ससा वांग माओमाओ नांवाच्या एका विद्यार्थिनीनें काढला आणि थोड्याच काळांत तो देशभर नाचूं लागला. कांहीं चित्रें जिवंत माणसांच्या छायाचित्रांवरून बनविलेलीं असतात. सव्वादोन मीटरांहून उंच असा बास्केटबॉलपटु याओ मिंग २००९ सालीं पत्रकारांसमोर मोठ्यानें हंसला. त्या हंसण्याचें रेखाचित्र आधीं पाश्चात्य देशांत पसरलें व मग त्याच्या मायदेशीं घरोघर गेलें. सर्वांत नामांकित चित्र मात्र एका विचित्र मिश्रणाचें आहे: बाहेरून पांडाचें काळ्या कानांचें डोकें आणि आंत चोइ सुंग-गुक ह्या दक्षिण कोरियन विनोदी नटाचा खदखदून हंसणारा चेहरा, खालीं चार शब्द. आश्चर्य हें कीं, त्या नटाचें नांव ठाऊक नसलेलीं लाखों माणसें त्याचें हंसूं रोज उसनें घेतात.

ह्या चित्रांची लढाईही खेळतात. तिला 'तौथू' म्हणतात. 'तौ' म्हणजे झुंजणें व 'थू' म्हणजे चित्र. आपल्याकडे कलगीवाले व तुरेवाले सवालास जबाब देत, तसे तेथें दोघे मित्र चित्रास चित्रानें उत्तर देतात व ज्याचा भाता आधीं रिकामा होईल तो हरतो. एकच चित्र हजारों हातांतून गेलें, पुनःपुन्हां उतरून घेतलें गेलें, कीं तें अंधुक व हिरवट होत जातें. चिनी लोक त्या हिरवटपणासही थट्टेनें एक नांव देतात. जुन्या जेडच्या किंवा हातांत घोळविलेल्या अक्रोडाच्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षांच्या हाताळण्यानें जी झळाळी चढते, तिचा शब्द त्यांनीं ह्या चित्रांस लाविला. जो समाज आपल्या थट्टेच्या चिठोऱ्यांवरही काळाचा लेप पाहूं शकतो, त्याच्या विनोदबुद्धीस कमी लेखतां येणार नाहीं.

आमच्या वयाचीं पुष्कळ माणसें म्हणतात कीं, ही सारी भाषेची अधोगति आहे. मुलांस शब्द सुचत नाहींत म्हणून तीं चित्रें फेंकतात. ह्या मताशीं मी पूर्णपणें सहमत नाहीं. योग्य वेळीं योग्य चित्र निवडण्यास समज लागते. ज्यास प्रसंग कळत नाहीं त्याचें चित्रही फसतें. शिवाय ह्या चित्रांनीं सौजन्याचें कामही होतें. वरिष्ठानें काम सांगितलें कीं 'होय' एवढाच कोरडा शब्द उद्धट दिसतो. त्यापुढें वांकून नमस्कार करणारा एक ससा ठेविला कीं तो शब्द नरम होतो. संभाषण संपवावयाचें आहे पण 'आतां पुरे' म्हणवत नाहीं, अशा वेळीं जांभई देणारें मांजर तें काम करतें. चिनी लोक माणसाच्या प्रतिष्ठेस 'म्येन्त्झ' म्हणतात. ह्या शब्दाच्या मुळाशीं तोंड हाच अर्थ आहे. आपणही तोंड दाखवायला जागा उरली नाहीं असें म्हणतोंच कीं! दुसऱ्याची प्रतिष्ठा सांभाळून बोलणें हा तेथील लोकव्यवहाराचा कणा आहे व भावचित्रें त्या व्यवहाराचीं वंगणें आहेत. होतकरू चित्रकारांसही त्यांनीं हात दिला. वीचॅटनें २०१५ पासून कोणासही आपलीं चित्रें तेथें मांडण्याची मुभा दिली व आवडलेल्या चित्राबद्दल चित्रकारास चार पैसे देण्याची सोय केली.

आणखी एक गोष्ट आहे. जेथें शब्दांवर पहारा असतो, तेथें चित्र मागील दारानें बाहेर पडतें. चीनच्या राष्ट्राध्यक्षांची विनी-द-पू ह्या बालकथेंतील अस्वलाशीं तुलना करणारीं चित्रें २०१३ पासून फिरूं लागलीं. जुलै २०१७ मध्यें त्या बिचाऱ्या अस्वलाचीं चित्रें वीचॅटच्या अधिकृत संग्रहांतून काढून टाकण्यांत आलीं. त्याच महिन्यांत नोबेल पारितोषिक मिळविलेले लिऊ श्याओपो बंदिवासांत निवर्तले, तेव्हां पेटत्या मेणबत्तीचें चिन्हही समाजमाध्यमांवर अडविण्यांत आलें. एवढें बलाढ्य राज्य एका लठ्ठ अस्वलाची व एका मेणबत्तीची दखल घेतें, यावरून चित्रांत केवढें बळ असतें तें समजावें. 'तें तर नुसतें चित्र होतें' असें म्हणून आपली सुटका करून घेऊं पाहणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

कारण बळ असलें कीं इजाही संभवते. पहिली इजा गैरसमजाची. चिनी संदेशसेवांतील साधें हंसऱ्या तोंडाचें चिन्ह वडील मंडळी खऱ्या प्रेमानें पाठवितात. तरुणांस तेंच चिन्ह तुसडेपणाचें, 'समजलें, आतां गप्प बैस' अशा अर्थाचें वाटतें. आई मुलीस आशीर्वाद धाडते व मुलीस वाटतें कीं आई रुसली! तेथील वृद्धांचीं चित्रें निराळींच असतात: उमललेलीं कमळें, वाफाळणारा चहा, चमचमणारीं अक्षरें. हें वाचून आपल्या घरांतील आजोबांच्या 'शुभ प्रभात'ची आठवण कोणास होणार नाहीं? २०१८ सालीं असें वृत्त प्रसिद्ध झालें कीं, भारतीयांचे मोबाईल वारंवार भरून अडतात याचें एक कारण गूगलच्या संशोधकांस ह्या प्रातःकालच्या चित्रांत सांपडलें. मुलें त्यांना हंसतात. परंतु ज्या हातास टंकलेखन जड जातें, तो हात रोज सकाळीं एक गुलाब पाठवितो, त्याचा अर्थ 'मी अजून आहें व तुझी आठवण ठेवून आहें' एवढाच असतो. त्यास उलट दोन शब्द लिहिण्यास नातवंडांस किती वेळ लागेल?

दुसरी इजा झुंडीची. १६ जानेवारी २०१६ रोजीं तैवानच्या निवडणुकींत श्रीमती त्साय इंग-वेन विजयी झाल्या. चारच दिवसांनीं, २० जानेवारीस, चीनमधील एका मोठ्या चर्चामंडळाच्या सभासदांनीं ठरवून त्यांच्या फेसबुक-पृष्ठावर व कांहीं वृत्तपत्रांच्या पृष्ठांवर भावचित्रांचा वर्षाव केला. वाद शब्दांचा असता तर कोणी उत्तर दिलें असतें; पण हजारों हंसऱ्या पांडांस उत्तर काय देणार? त्यांत मुद्दाच नसतो. दोघांत जी कोटिबाजी, तीच हजारांनीं मिळून एकावर केली कीं धोंडफेक ठरते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटांत चाळीस मुलें एकाच मुलाच्या चुकीवर चाळीस चित्रें टाकतात, तेव्हांही हेंच घडतें. प्रत्येकानें एकच खडा टाकलेला असतो, म्हणून प्रत्येकजण स्वतःस निर्दोष समजतो.

तिसरी इजा सर्वांत खोल आहे व तिच्यासाठींच हा लेख लिहिला. चेहरा हा कोणाचा तरी असतो. ऑगस्ट २०१६ मध्यें रिओच्या ऑलिंपिकांत फू युआनहुई ह्या जलतरणपटूनें १०० मीटर बॅकस्ट्रोकची उपान्त्य शर्यत ५८.९५ सेकंदांत संपविली. पत्रकारानें तिला ती वेळ सांगितली, तेव्हां तिच्या चेहऱ्यावर जें निर्मळ आश्चर्य उमटलें तें एका रात्रींत लाखों मोबाईलांत गेलें. दुसऱ्या दिवशीं तिला कांस्यपदक विभागून मिळालें. तिचा चेहरा लोकांनीं प्रेमानें उचलला, कोणी तिला खालीं पाडलें नाहीं. परंतु त्याच वर्षीं दुसरें एक चित्र गाजलें. १९९४ सालीं कान येथें उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळविणारे नट को योउ हे १९९३ च्या एका दूरदर्शन-मालिकेंत सोफ्यावर हातपाय सैल सोडून पडलेले दिसतात. तें आळसाचें चित्र तेवीस वर्षांनीं सर्वतोमुखीं झालें आणि एका व्यापारी कंपनीनें आपल्या जाहिरातीसाठीं तें वापरलें. ते न्यायालयांत गेले. न्यायालयानें त्यांस ७५,००० युआनांची भरपाई देवविली व २०१८ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निवाडा कायम केला.

को योउ प्रसिद्ध होते, त्यांच्यापाशीं वकील होते. ज्यांच्यापाशीं कांहींच नसतें त्यांचें काय? ऑगस्ट २०१७ मध्यें चीनमध्यें 'बावीस' नांवाचा एक माहितीपट प्रदर्शित झाला. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें ज्या असंख्य स्त्रियांस बळजबरीनें छावण्यांत कोंडून त्यांचा अनन्वित छळ केला, त्यांपैकीं चित्रीकरणाच्या वेळीं हयात असलेल्या बावीस वृद्धांच्या आठवणी दिग्दर्शक कुओ के यांनीं त्यांत टिपल्या आहेत. पाऊणशें वर्षांनीं ह्या आजीबाई जगापुढें तोंड उघडीत होत्या. आणि त्याच महिन्यांत त्यांच्या रडवेल्या, गोंधळलेल्या चेहऱ्यांचीं चित्रें कापून, खालीं चार शब्द चिकटवून, क्यूक्यूच्या एका सेवेंत भावचित्रें म्हणून ठेविलीं गेलीं! कोणास कंटाळा आला, कोणाचा गृहपाठ राहिला, कीं त्यानें त्या माऊलीचें दुःख उचलून मित्रास धाडावें! सारा देश संतापला. चित्रें काढून टाकण्यांत आलीं. कंपन्यांनीं क्षमा मागितली. तीं बनविणारा कोणी राक्षस असेल असें मला वाटत नाहीं. तो बहुधा आपल्यासारखाच मनुष्य असेल. त्यास एक चांगला 'भाव' सांपडला. त्या भावामागें कोण बसलें आहे हें पाहण्यास तो थांबला नाहीं, एवढेंच. चेहरा माणसापासून तोडून पुडक्यांत भरला, कीं असें होतें.

१ जानेवारी २०२१ पासून चीनमध्यें जी नवी नागरी संहिता अमलांत आली, तिच्या १०१९ व्या कलमानें कोणाचेंही चित्र संमतीवांचून बनविणें, वापरणें किंवा प्रसिद्ध करणें निषिद्ध ठरविलें आहे. कायदा असला तरी लाखों चित्रांमागें शिपाई धांवूं शकत नाहीं. ही राखण शेवटीं आपापल्या बोटांनींच करावयाची असते.

आतां, विद्यार्थिमित्रहो, गोष्ट तुमच्या दारीं आणतों. २०१८ च्या अखेरीस व्हॉट्सअॅपवर स्टिकरांची सोय झाली व आतां कोणतेंही छायाचित्र क्षणार्धांत कापून स्टिकर करतां येतें. वर्गांत डुलकी लागलेला सोबती, संमेलनांत भाषण विसरलेली मुलगी, क्रीडांगणावर पडून रडणारा लहान मुलगा यांचे चेहरे अशा पुडक्यांत भरलेले कोणीं पाहिले नाहींत? यावर तुम्ही म्हणाल, "सर, ही गंमत आहे, तोही हंसतो." तो हंसतो हें खरें. न हंसला तर उद्यां दुसरें चित्र निघेल, हें तो जाणतो. म्हणून तो हंसतो. मांजराचा खेळ होतो पण उंदराचा जीव जातो, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं मोबाईल पाहण्यापूर्वींच करून ठेविली आहे. शिवाय तुमची गंमत पांच मिनिटांची आणि त्याचें चित्र वर्षानुवर्षांचें. ज्या दिवशीं तो डुलकी देत होता, त्याच्या आदल्या रात्रीं त्याच्या घरीं काय घडलें, हें तें चित्र सांगत नाहीं.

माझें म्हणणें चित्रें टाकून द्या असें नाहीं. ससे, मांजरें, पांडा यांस खुशाल नाचवा. स्वतः रेखाटतां आलीं तर फारच उत्तम. नटाचें सोंग नटानें लोकांसाठींच घेतलेलें असतें, त्यावर हंसण्यास हरकत नाहीं. परंतु जो चेहरा रंगभूमीवर आलेला नाहीं, जो आपल्या बांकावर शेजारीं बसतो, तो उचलण्यापूर्वीं त्यास विचारा. आणि तो 'नको' म्हणाला, किंवा होकार देऊन मागाहून 'काढून टाक' म्हणाला, तर त्याच क्षणीं काढून टाका. आपल्या शाळेंत हा नियम प्रत्येक वर्गानें आपण होऊन करावा व तो शिक्षकांच्या चित्रांसही लागू असावा, असें मी सुचवितों. दुसरें असें कीं, मित्राच्या घरीं दुःख झालें असेल तेव्हां रडणारें मांजर पाठवूं नका. मोडकेंतोडकें कां होईना, आपलें एक वाक्य लिहा. आनंद उसना चालतो. सांत्वन उसनें चालत नाहीं.

पालकांसही दोन शब्द. मुलाचा मोबाईल हिसकावून घेतल्यानें ही संवय जात नाहीं, ती लपते. त्याऐवजीं एखाद्या संध्याकाळीं त्यास जवळ बसवून 'हें चित्र कोणाचें, तें केव्हां धाडतात, त्यांत हंसण्यासारखें काय?' असें विचारावें. मुलें मोठ्या हौसेनें सांगतात, आणि सांगतां सांगतां कोणतें चित्र सांगण्यास जीभ अडखळते, हें त्यांचें त्यांसच कळूं लागतें. मात्र एक गोष्ट आपणही पाळली पाहिजे. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांतला एक लहान मुलगा, ज्याचें बळेंच आणलेलें हंसूं घरच्यांनीं प्रसिद्ध केलेल्या चित्रफितींतून जगभर गेलें, तो चीनमध्यें इतका लोकप्रिय झाला कीं २०१८ सालीं त्याच्या नांवें तेथील समाजमाध्यमावर खातें उघडण्यांत आलें. त्याचें नशीब चांगलें. त्यास लोकांचें प्रेम मिळालें. सर्वांस तें मिळेलच असें नाहीं. आपल्या बाळाचें रडणें, हट्ट, नापास झाल्यावरचें तोंड आपण कौतुकानें नातलगांच्या गटांत टाकतों, तेव्हां त्या चेहऱ्याचा धनी घरांतच आहे व तो उद्यां मोठा होणार आहे, हें आपण विसरूं नये. ज्या मुलास घरीं 'हें छायाचित्र पाठवूं का?' असें विचारलें जातें, तें मूल शाळेंत दुसऱ्यास विचारल्यावांचून राहणार नाहीं.